लिहिणं आणि लिंपणं

कच्च्या मडक्यावर रेघ ओढायला कुंभाराच्या हाती वेळ फार थोडा असतो. माती ओली असताना काडी फिरवली तर रेघ नीट येत नाही. काडीपुढे माती ढकलली जाते, दोन्ही काठांना तिचे बारीक वरंबे उभे राहतात आणि हात लागला की तेच पुन्हा रेघेत पडून ती बुजते. माती पार सुकली की उलटा प्रकार होतो: टोक घसरतं, कपच्या उडतात. या दोन्हींच्या मध्ये एक टप्पा येतो. भांडं उचललं तरी वाकत नाही, पण नख दाबलं तर खूण राहते, आणि हाताला ते गार लागतं. तेव्हा बांबूची काडी, तार, शिंपला, तुटक्या फणीचा दात, काहीही चालतं. मातीची बारीक सळी वेटोळं घेत बाहेर पडते आणि मागे स्वच्छ चर राहतो. हा चर म्हणजेच रेघ, असं मी म्हणतो ते शब्दाच्या इतिहासाच्या आधाराने.

रेघ आली रेखेतून; रेषा हे त्याच रेखेचं दुसरं रूप. रेखेच्या मुळाशी ‘रिख्’ हा धातू आहे. ऋग्वेदात तो ओरखडणं, चिरणं या अर्थाने येतो. र आणि ल यांची अदलाबदल आपल्या भाषांत जुनी आहे. त्या अदलाबदलीत रिख् चं ‘लिख्’ झालं, आणि लिख् मधून लेख, लेखणी, आलेख आणि आपलं रोजचं लिहिणं आलं. म्हणजे लिहिणं हे मुळात ओरखडणं आहे. ‘उल्लेख’ या शब्दात तर ती क्रिया अजून उघडी दिसते: उत् आणि लेख, खरवडून वर काढलेलं. ग्रीकांचा ‘ग्राफो’, इंग्रजांचं ‘राइट’ हेही आधी ओरखडणंच होतं. धातू वेगळे, प्रवास एकच. शाई, बोरू, कागद सगळं नंतर आलं, आणि शब्द मात्र जुन्या हत्याराचाच राहिला.

म्हणून पालघर-डहाणूकडच्या वारली सुवासिनी लग्नाचा चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’. तांदळाच्या पिठाने रंगवलेल्या चित्राला लिहिणं म्हणणं शहरी कानाला नवल वाटतं, पण तो शब्द तिथे पूर्वीपासून नांदतो आहे. मिथिलेत कोहबराची, म्हणजे नवदांपत्याच्या खोलीची, भिंत लिहिली जाते. गुजरात-मध्य प्रदेशातल्या राठवांकडे भिंतीवर पिठोरा देवाचं चित्र लिहिणाऱ्याला ‘लखारा’ म्हणतात. कन्नडमध्ये ‘बरे’ हे एकच क्रियापद पत्रालाही चालतं आणि चित्रालाही. तमिळच्या ‘एळुदु’चंही तसंच. अक्षर आणि चित्र यांच्या मधली भिंत आपण शाळेच्या वेळापत्रकात घातली, एक तास लेखनाचा आणि एक चित्रकलेचा. ज्यांनी ती घातली नाही त्यांची भाषा मला अधिक नेमकी वाटते.

भांड्यावर ओरखडून लिहिण्याचा पुरावाही भरपूर आहे. तमिळनाडूत कोडुमणल आणि कीळडी इथल्या उत्खननांत खापरांवर तमिळ-ब्राह्मी अक्षरांत ओरखडलेली माणसांची नावं सापडली आहेत. बहुधा ती भांडं भाजून झाल्यावर मालकाने घातली असावीत. त्यामुळे अक्षरं कोनदार, झटक्याने ओढलेली. अथेन्समध्ये खापराला ‘ऑस्ट्राकॉन’ म्हणत. ज्या पुढाऱ्याला शहराबाहेर घालवायचं त्याचं नाव नागरिक खापरावर कोरत, आणि पुरेशी खापरं जमली की त्या माणसाला दहा वर्षं हद्दपार व्हावं लागे. ही पद्धत पहिल्यांदा वापरली गेली इ.स.पू. ४८७ मध्ये. अॅक्रोपोलिसच्या उतारावरच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीसच्या नावाची १९० खापरं निघाली. अक्षर तपासलं तर ती अवघ्या १४ हातांची होती. म्हणजे कुणीतरी खापरं आधीच कोरून, गठ्ठ्याने वाटायला तयार ठेवली होती.

आपल्याकडे दोष एखाद्याच्या माथी मारण्याला ‘खापर फोडणं’ म्हणतात. अथेन्सचा आणि या वाक्प्रचाराचा काही संबंध नाही. आपलं खापर येतं खर्पर, कर्पर या संस्कृत शब्दांतून, आणि कर्पर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा तसंच कवटीही. खापर नेहमी कुणाच्या तरी डोक्यावरच फुटतं, ते या जुन्या सोबतीला शोभतं.

आता लिपीकडे येऊ. हा शब्द मला या सगळ्या कुळात सर्वांत विलक्षण वाटतो. लिपी म्हटलं की लिंपणं आठवतं, लेप आठवतो, आणि शाईचा लेप म्हणून लिपी असा अर्थ सहज लागतो. पण अशोकाचे शिलालेख नीट वाचले तर वाट वेगळी निघते. गिरनारला आणि इतरत्र ‘लिपि’ आहे. वायव्येकडे, शाहबाझगढी आणि मानसेहरा इथे त्याच जागी ‘दिपि’ आहे. वायव्येला तेव्हा इराणी राज्यकारभाराची सवय होती, आणि ‘दिपि’ हा प्राचीन फारसीचा शब्द. बिसुतूनच्या डोंगरावर इराणी सम्राट दार्यवहूने कोरवलेल्या लेखातही तोच आहे. फारसीने तो एलामींकडून घेतला, एलामींनी अक्कडी ‘तुप्पु’वरून, आणि अक्कडीने सुमेरी ‘दुब’वरून. दुब म्हणजे मातीची पाटी. दजला-फरातच्या दुआबात ओल्या मातीची चपटी वडी करून तिच्यावर धान्याचे, मेंढ्यांचे हिशेब लिहीत, ती. पाणिनीला लिपि आणि लिबि अशी दोन्ही रूपं माहीत आहेत. परका ‘दिपि’ इथे आला आणि घरच्या लिप् धातूशेजारी बसून ‘लिपि’ झाला, असं विद्वान मानतात. शब्दांना नव्या घरात असं नातं जोडून मिळतं.

त्या सुमेरी पाटीवर काय घडलं ते कुंभाराला लगेच समजेल. इ.स.पू. ३३०० ते ३१०० च्या सुमारास उरुक शहरात लिहिणारे टोकदार काडीने चित्रं ओढत होते: बैलाचं डोकं, कणीस, वाडगा. ओल्या मातीवर ओढलेल्या रेघेला काठ येतात, वळणदार रेघेला तर फारच. तेव्हा त्यांनी हळूहळू ओढणं सोडलं आणि बोरूचं कोनदार टोक दाबायला सुरुवात केली. दाबलं की काठ येत नाहीत. पाचरीसारखा खड्डा पडतो, स्वच्छ आणि एकसारखा. गोल रेषा गेल्या, चित्रं मोडली, पाचरींचे जुडगे उरले, आणि तीच कीलाकार लिपी. चित्राचं अक्षर होण्यामागे मातीचा हा हट्टही होता. मी पहिल्या परिच्छेदात ज्या वरंब्यांबद्दल लिहिलं, त्यांनी एका संस्कृतीचं लेखन बदललं.

हा दुब महाराष्ट्रातही येऊन राहिला आहे. दिपि सांभाळणारा, म्हणजे लिखापढी करणारा, तो मध्ययुगीन फारसीत ‘दिबीर’. दरबारी फारसीबरोबर तो दख्खनेत आला आणि ‘डबीर’ झाला. परराज्यांशी व्यवहार पाहणारा हा मंत्री. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी फारसी पदनामं बदलली तेव्हा डबीराचा सुमंत झाला. पद गेलं, आडनाव टिकलं. आजच्या एखाद्या डबीर कुटुंबाच्या दारावरच्या पाटीत सुमेरच्या मातीच्या पाटीचं नाव आहे. ‘दिवाण’ हा शब्दही याच दिपिपासून, दप्तर ठेवायची जागा या अर्थाने आला, असं बरेच अभ्यासक मानतात. मग दिवाणखानाही आलाच.

ओरखडण्याची गोष्ट इतकी. कुंभाराचा दुसरा हात काढत नाही, लावतो. त्याचं क्रियापद लिंपणं.

लिप् या धातूचं मराठीतलं घर मोठं आहे. लेप, लिंपण, विलेपन, लिप्त, अलिप्त. न चिकटणाऱ्या तव्याला तर घरोघर निर्लेप हेच नाव पडलं. बोलीत लिंपणं आणि सारवणं हे वेगळे ठेवले जातात, आणि तो भेद जपावा असा आहे. सारवणं जमिनीचं, पातळ, हाताच्या अर्धगोल फेऱ्यांनी. लिंपणं कुडाचं, कणगीचं, जिथे भेगा बुजवायच्या, फटी भरायच्या, थर चढवायचा. भांड्यावर भाजण्याआधी पातळ मातीचा जो हात देतात तो लेप. गेरूचा दिला की भांडं तांबडं निघतं. त्या लेपातली माती खालच्या मातीइतकीच आकसली पाहिजे. कमी-जास्त आकसली तर भट्टीत लेप पापुद्र्यासारखा सुटतो.

लिप् च्या अर्थाचा आणखी एक धातू संस्कृतात आहे, आणि तो अधिक खोल जातो: ‘दिह्’, माखणं, थर देणं. त्याच्यापासून देह. शरीराला देह म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थरावर थर देऊन घडवलेलं काहीतरी होतं. ऋग्वेदातली ‘देही’ म्हणजे मातीचा बांध, तटाची भिंत. दाराचा उंबरठा ती देहली. आणि संदेह म्हणजे दोन गोष्टी एकमेकींत अशा माखल्या गेल्या की कुठली कोणती ते कळेना.

दिह् ची भावंडं पश्चिमेकडेही आहेत. अवेस्तात भोवती भिंत घातलेली जागा ती ‘पइरि-दएझ’. ग्रीकांनी तिचा ‘पारादेइसोस’ केला, अरबीत फिर्दौस झाला, आणि स्वर्गाचं ते नाव मुळात मातीच्या कुंपणाचं आहे. लॅटिनमध्ये ‘फिंगेरे’ म्हणजे माती हाताने घडवणं, ‘फिगुलुस’ म्हणजे कुंभार. त्याच फिंगेरेमधून फिगर आली आणि फिक्शनही. आकृती आणि कादंबरी दोन्ही कुंभाराच्या घरच्या. आपल्याकडेही भांड्याचे अवयव माणसाचेच आहेत: तोंड, गळा, खांदा, पोट, बूड, कान. मातीच्या भांड्याला अंग आहे आणि अंगाला देह हे मातीकामाचं नाव आहे, हे दोन्ही बाजूंनी जुळतं.

आता ज्याला आपण उठाव म्हणतो त्या नक्षीकडे पाहू. चित्रकलेच्या पुस्तकांत रिलीफला उठावशिल्प, उत्थित शिल्प म्हणतात. इटालियन ‘रिलिएव्हो’ म्हणजे वर उचललेलं. आपण त्याच धर्तीवर उठाव बेतला. शब्द छान आहे, त्याला बाजारातला उठाव आणि १८५७ चा उठाव असे सोबतीही आहेत. पण तो पाहणाऱ्याचा शब्द आहे, करणाऱ्याचा नाही. वेरूळच्या कातळात आकृती उठलेली नाही. आजूबाजूचा दगड काढून टाकल्यामुळे ती मागे राहिली आहे. तांब्याच्या पत्र्याला तांबट मागून ठोकतो तिथे मात्र खरोखर उठाव येतो. मातीच्या भांड्यावर बहुतेक वेळा काहीच उठत नाही. तिथे वरून लावलेलं असतं. इंग्लंडमध्ये जोसाया वेजवूडने निळ्या भांड्यांवर पांढऱ्या आकृत्या आणल्या त्या कोरीव वाटतात, पण साच्यात दाबून काढून ओल्या अंगावर चिकटवलेल्या आहेत.

लावण्याचा हा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. मातीची वळकटी करून भांड्यावर नुसती दाबली तर ती सुकताना सुटते. म्हणून आधी भांड्याच्या अंगावर आडवेउभे ओरखडे काढतात, तसेच वळकटीच्या पोटाला काढतात, दोन्हींवर पातळ चिखल चोपडतात आणि मग दाबून बसवतात. ओरखड्यांत चिखल शिरतो, दोन्हींची ओल सारखी असेल तर जोड एकजीव होतो, भट्टीत तो निखळत नाही. लिख् आणि लिप् हे दोन धातू इथे एका जागी येतात. ओरखडल्यावाचून लेप धरत नाही आणि लेपावाचून ओरखडा पोकळ राहतो.

कच्छमधल्या बायका हे जाणतात. ‘भुंगा’ म्हणतात त्या गोल मातीच्या घरांच्या भिंतींवर माती आणि शेणाच्या बारीक वळकट्या तळव्यांमध्ये लाटून त्या लावतात, बोटांनी चिमटतात, मध्ये आभले बसवतात. या उठावदार कामाचं त्यांचं नाव आहे ‘लिंपण’. कारागिरांनी उठाव म्हटलं नाही, लिंपण म्हटलं. राजस्थानात बनासच्या काठी मोलेला गावातले कुंभार गाढवाची लीद मिसळलेल्या मातीच्या पाटीवर देवांच्या आकृती अशाच हाताने लावून घडवतात, आणि भिल्ल आणि इतर भाविक दूरवरून येऊन त्या आपल्या देवस्थानांसाठी नेतात.

महाराष्ट्रात याचा जुना नमुना जोर्वे संस्कृतीत आहे. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे इथे १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि त्या गावाच्या नावाने ती संस्कृती ओळखली जाऊ लागली. पुढे डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठच्या इनामगावात १९६८ ते १९८३ अशी सलग वर्षं काम केलं. जोर्वेची नावाजलेली भांडी म्हणजे चाकावरची, पातळ, लाल अंगावर काळ्या रेघांची, लांब तोटीची. वस्तुसंग्रहालयात नजर तिकडेच जाते. मला मात्र हाताने घडवलेले, जाड, खरबरीत रांजण अधिक बोलके वाटतात. त्यांच्या खांद्याभोवती मातीची पट्टी लावलेली असते आणि पट्टीवर ओळीने बोटांचे ठसे. याच धाटणीच्या कुंभांत मूल ठेवून, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरत.

अशी पट्टी केवळ शोभेची नसते. मोठं भांडं वळकट्यांवर वळकट्या चढवून घडवलं की सांधे कच्चे राहतात. वरून पट्टी बसवून दाबली की सांधा आवळला जातो. हडप्पाकालीन मोठ्या रांजणांवर दोरीचे वळ दिसतात, कारण ओलं भांडं वजनाने पसरू नये म्हणून सुकेपर्यंत त्याला दोरीने बांधून ठेवत. दोरी निघाली, वळ राहिले. जगभर पाहिलं तर असे वळ पुढे शोभेचेही झाले आणि दोरीची गरज संपल्यावरही कुंभार मुद्दाम दोरी उमटवत राहिले. जपानच्या प्राचीन काळाला ‘जोमोन’ म्हणतात, म्हणजे दोरीची नक्षी. १८७७ मध्ये ओमोरी इथे शंखशिंपल्यांच्या ढिगात एडवर्ड मॉर्सला दोरीचे ठसे असलेली खापरं मिळाली आणि त्याने दिलेल्या वर्णनावरून हे नाव पडलं. चाक माहीत नसलेल्या त्याच लोकांनी निगाताच्या परिसरात भांड्यांच्या काठावर ज्वाळांसारख्या वळकट्या उभ्या केल्या. लावलेल्या मातीने याहून मोठी झेप कुठे घेतली असेल असं मला वाटत नाही. जर्मनीतल्या क्लोप्फ्लाइशने १८८० च्या दशकात युरोपच्या दोन प्राचीन संस्कृतींना नावं दिली तीही रेघांच्या पट्ट्यांवरून आणि दोरीच्या ठशांवरून.

नक्षी हा आपला रोजचा शब्द अरबी ‘नक्श’चा. त्यात कोरणं, रंगवणं, ठसा उमटवणं सगळं एकत्र आहे. नकाशा त्याचाच भाऊ, आणि नक्षा उतरवतात तो नक्षाही. व्यवहाराला तो फार सोयीचा, पण त्यामुळे रेघ कुठली, लेप कुठला, ठसा कुठला हे भेद त्याच्या पोटात विरघळतात. सुगडाला संक्रांतीच्या दिवशी हळद-कुंकवाची पाच बोटं ओढतात त्याला कुणी नक्षी म्हणत नाही. ‘बोटं ओढणं’च म्हणतात. किती नेमकं आहे ते. बोट हेच हत्यार, तेच माप आणि रेघेचं नावही तेच.

आज मातीकाम शिकवणाऱ्या वर्गांत मराठी मुलं स्ग्राफितो, स्लिप ट्रेलिंग, रिलीफ हे शब्द वापरतात. इटालियन ‘स्ग्राफितो’ म्हणजे ओरखडलेलं, आणि भिंतींवरची ग्राफिटी त्याच घरची. भांड्यावर वेगळ्या रंगाचा लेप चढवून तो खरवडून खालचं अंग दाखवायचं, ही त्याची रीत. मराठीत त्याला सरळ ‘खरवड’ म्हणता येईल. भांड्याच्या बुडाशी धरलेल्या भाताची खरवड आपण म्हणतोच, आणि इथेही थर खरवडूनच काढतात. पातळ लेप नळीतून सोडत भांड्यावर उंच रेघ चढवणं म्हणजे स्लिप ट्रेलिंग. जिलबीचं पीठ कढईत सोडताना जसा हात फिरतो तसाच तो इथे फिरतो, म्हणून ‘धार सोडणं’ मला बरं वाटतं. रिलीफला कच्छचं लिंपण आहेच. ते आपल्याही कुडाच्या भिंतींवरचं आहे, उसनं नाही. मातीच्या वस्तूंसाठी हे तीन शब्द वर्गात बोलून पाहावेत. उठाव तांबटाकडे राहू द्यावा.